फादरांच्या चुका मिळाल्या!

मंगळवार, संध्याकाळ

बसमध्ये एकटीच हसत होते आज. लोकांना काय वाटलं असेल?

आमच्या कॅथलिक विद्यापीठाचे ग्रंथपाल फादर थॉमस वारले, तेव्हापासून त्यांचा खाजगी पत्रव्यवहार मी लावतेय. त्यात भिवापूरच्या सुमनताईंची ढीगभर पत्रं आहेत. फादर मूळचे केरळचे. ते ताईंना पुस्तकं पाठवायचे आणि ताई पत्रातून त्यांचं मराठी सुधारायच्या. ‘फादर, बाई म्हणते मी आली. तुम्ही मी आलो लिहा.’ पण फादरांनी लिहिलेली पत्रं आमच्याकडे नव्हतीच. म्हणजे दुरुस्त्या होत्या, चुका गायब!

आज सुमनताई स्वतःच आल्या, पिशवीत फादरांची सगळी पत्रं घेऊन. पहिलंच उघडलं तर, ‘मी काल कामठीहून आली.’ मी चक्क ओरडले. ग्रंथालयात! एका चुकीसाठी इतका आनंद? पण झाला खरा.

मग मी ताईंनी लिहिलेली पत्रं त्यांच्यापुढे ठेवली.

“फादरनं माही पत्रं ठेवली होती वं?” त्या हळूहळू एकेक पत्र हातात घेऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग हे वेगळे काहून ठेवाचे? घे, सोबत ठेव.”

एक पत्र मात्र त्यांनी परत पिशवीत टाकलं. फादरांचं शेवटचं. मी हावरटासारखं तेही मागितलं.

“हे नाही देत, पोरी. याच्यात एकबी चूक नाही. माहा विद्यार्थी पास झाला, त्याचा कागद हाये हा.”