दादांसाठी लिव्हरची रायफल

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
१२ नोव्हेंबर २००६

आदरणीय राजरत्न दादा यांना बबनचा सप्रेम जय भीम. वहिनींनाही सांगावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत (माझा उजवा अंगठा सोडून, त्याचं पुढे येईल).

रिटायर झाल्यावर मागच्या अंगणात रिकाम्या डब्यांवर नेम धरायचा म्हणून तुम्हाला छऱ्यांची रायफल हवी आहे. मधून मोडायची घ्यावी की लिव्हरची, ते "तुम्ही फॅक्टरीत जन्म काढलात, तुम्हीच निवडून पाठवा" असं तुम्ही लिहिलंत. वाचून मी ताटावरूनच उठलो. कारण दादा, आज एक कबूल करतो. लग्नाच्या बोलणीत माझ्या मामांनी "मुलगा अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे" एवढंच सांगितलं होतं. "बंदुका तपासतो" हे तुम्ही आपल्या मनाने जोडलंत आणि सगळ्या अकोल्याला ऐकवलंत. मी गप्प बसलो. मी एकतीस वर्षं कँटीनमध्ये होतो. आत काय बनतं असं कोणी विचारलं की मी गंभीर चेहऱ्याने "सांगता येत नाही" म्हणायचो. ते खरंच होतं, मला माहीतच नव्हतं.

पण तुम्हाला नाही कसं म्हणणार? गेल्या शनिवारी उल्हासनगरला टेकचंद शेठच्या दुकानात गेलो. (कॅरम, बॅटी, डंबेल्स आणि मागच्या बाजूला छऱ्यांच्या बंदुका.) तुमची बहीण पिशवी धरायला म्हणून बरोबर आली. मी बेसावधपणे फॅक्टरीचं नाव घेतलं, तर शेठने स्वतः उठून मला खुर्ची दिली. "साई, आप तो उस्ताद आदमी. मैं क्या समझाऊं आपको!" म्हणाला आणि खरंच काही समजावलं नाही. तिथेच घात झाला.

आधी मधून मोडायची घेतली. तिची नळीच खाली वाकवायची असते. मी जोर लावला, नळी वाकली, मी खूश झालो आणि परत मिटवताना अंगठा सांध्यात ठेवला. ओरडलो नाही दादा, उस्ताद ओरडत नसतात. "बॅलन्स ठीक नहीं," एवढंच म्हणालो. शेठने आदराने मान हलवली. मग दुकानामागच्या बोळात नेलं. तिथे चिंध्या ठासून भरलेलं खोकं, त्यावर कागदाची चकती, वर खुंटीला विकायचे फुटबॉल. मी एक डोळा मिटला (चुकून दुसराही मिटला) आणि घोडा दाबला. चकती तशीच राहिली. वरून मात्र एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला. एक फुटबॉल हळूहळू बसत होता.

"साई," शेठ हळूच म्हणाला, "फॅक्टरी में आप कौनसे सेक्शन में थे?"

तेवढ्यात तुमची बहीण म्हणाली, "ती दुसरी द्या हो इकडे." दुसरी म्हणजे लिव्हरची. तिची नळी जागची हलत नाही, नळीखालची लांब दांडी ओढायची. तिने दस्ता मांडीला टेकवला, दांडी ओढली, छर्रा भरला, दांडी मिटवली. मग सुईत दोरा ओवताना धरते तसा श्वास धरला. चकतीच्या मधोमध भोक! पुन्हा मधोमध. तिसऱ्या वेळी शेठने चकती काढून चष्म्याजवळ नेली आणि विचारलं, "माताजी, आप कौनसी फॅक्टरी में?"

"पिको-फॉल," ती म्हणाली.

रिक्षात मी शेवटी बोललो. "यशोधरा, मी बंदुका कधी तपासल्या नाहीत. कँटीनला होतो."

"माहितीय," ती बाहेर बघत म्हणाली. "लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात कळलं. शर्टाला बारुदीचा वास नव्हता, लसणाच्या फोडणीचा होता."

"मग बोलली का नाहीस?"

"दादा किती खूश होता तुमच्यावर. आणि डाळ चांगली करत होतात की."

एकतीस वर्षं मी पोट आत घेऊन उभा होतो दादा, ते रिक्षात सोडलं. इतके हसलो की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण आता जिवाला फार हलकं वाटतंय.

तेव्हा सल्ला असा: लिव्हरचीच घ्या. वजनाला थोडी जड आहे, पण नळी हलत नसल्याने नेम टिकतो आणि अंगठाही. खोक्यात चिंध्या गच्च भरा, मागे पक्की भिंत असू द्या, वहिनींना त्या बाजूला कपडे वाळत घालू देऊ नका.

आपला,
बबन

ता. क. १ – सोबतच्या पार्सलमध्ये फक्त छऱ्यांची डबी आहे. तुमच्यासाठी घेतलेली रायफल नाही. "दादाला दुसरी मिळेल" असं तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे. रोज सकाळी गच्चीचं दार लावून तिची नेमबाजी चालू असते. चकत्या मी कापतो.

ता. क. २ – ती मला हात लावू देत नाही. म्हणून खरी विनंती: अकोल्यात तुमच्यासाठी घ्याल तेव्हा माझ्यासाठीही एक बघा. कुठली ते तुम्हीच निवडा. मला त्यातलं काय कळतंय?