विंचच्या नटाखालचा दोरा

बेळगुंदी, मंगळवार

तीर्थस्वरूप आक्का हिस धाकटा भाऊ शामू याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दसऱ्यासाठी पाठवलेली तुझी पुडी पोचली हे कळवायला दिवाळी उलटून गेली, कारण काय ते पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? सदलग्याला थंडी पडली असेल, तर पहाटे नदीवर जाऊ नकोस, दगडांवर शेवाळ असते. मी इथे रोज सकाळी तू पडलीसच असे धरून चहा घेतो. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेले चुलीपर्यंत ऐकू जाते, आणि हे ऐकू जाण्यासारखे नाही.

तुला ठाऊकच आहे, विक्रमने फाउंड्रीतली नोकरी सोडून जुनी जीप घेतली आणि तिच्या तोंडाला विंच बसवली. विंच म्हणजे मोठे लोखंडी रीळ. त्यावर पोलादी दोर, दोराला आकडा. जीपच्या बॅटरीवर ते फिरते आणि रुतलेली गाडी ओढून काढते. लोकांना कौतुक, मी मात्र तिच्या समोरून जात नाही. तो दोर तुटून उलटा आला तर समोरच्या माणसाचे काय होईल, ते मी लिहीत नाही. शिवाय करंट. मी जीपजवळून जाताना रबरी चपला घालतो. (एक चप्पल सापडली नाही तर त्या दिवशी अंगणातच उतरत नाही.)

खंडेनवमीला जीप धुतली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. मग तुझ्या पुडीतला, गुरवाने मंतरलेला काळा दोरा कुठे बांधावा हा प्रश्न पडला. पोराचा जीव ज्या यंत्रावर, त्या यंत्राचा जीव जिथे, तिथेच बांधायला हवा. म्हणून विक्रमला सहज विचारले, "हिचा जीव कुठं असतोय रं?" तो म्हणाला, "ह्या नटाखाली अर्थची वायर हाय बघा, आप्पा. सगळा करंट हितनं फिरतोय. हितं ढिलं पडलं की खेळ खलास." दुपारी तो जेवून लवंडल्यावर मी चपला घातल्या, नट पान्याने सोडवला, वायरीच्या चकतीखाली दोऱ्याचे चांगले वेढे दिले, वर तेलहळद लावली आणि नट आवळला. तेव्हा कुठे मला झोप लागली.

आणि आक्का, त्याच आठवड्यात विंचला नजर लागली! रिकामी फिरवली की भिंगरीसारखी फिरायची. आकड्याला वजन लागले की कण्हायची, मंद व्हायची आणि थांबायची. विक्रमने बॅटरी बेळगावला नेऊन दाखवली, चांगली निघाली. इंजिन चालू ठेवून ओढून बघितले, स्विच बदलला, रिळाला ग्रीस भरले. रिकामी चाले, ओझ्याला मरे. पोरगा रात्री जेवेना. मला मात्र कारण दिसत होते, म्हणून अमावास्येला पुडीतला उरलेला दोराही मी पहिल्याच्या वर गुंडाळला.

गेल्या आठवड्यात मागल्या आळीच्या गुंडूचा टेम्पो रताळी भरून बाजाराला निघाला आणि ओढ्याच्या उतारावर मागच्या मागे घसरला. विक्रमने वरच्या रस्त्यावर जीप लावून आकडा अडकवला. माझे घोंगडे दोरावर टाकले, म्हणजे दोर तुटला तरी उसळणार नाही. (घोंगडे नवे होते.) मी लांब उभा राहिलो, इतका लांब की सूनबाई दिपालीला हाक मारून मी आहे काय हे बघावे लागले. टेम्पो अर्ध्यावर आला आणि विंच अडलेल्या म्हशीसारखी कण्हत थांबली. टेम्पो तिथेच लोंबकळत.

"विक्रम, ओढ की रं! का मी हितंच बिऱ्हाड करू?" गुंडू आतून ओरडला.

"गुंडूदा, ब्रेक सोडू नकोस!"

"मी देव धरलाय रं मघापासनं, ब्रेक कुठला!"

पोरांनी चाकांमागे दगड लावले आणि गुंडूला ओढून बाहेर काढले. तेवढ्यात दिपालीने बॉनेटमध्ये वाकून बघितले आणि नाक मुरडले. "मामंजी, हितं उदबत्ती लावलीसा काय?" नटाखालून धूर येत होता. विक्रमने हात लावला तर बोट पोळले. नट सोडवला, तर खाली अर्धा जळलेला, हळदीने पिवळा झालेला तुझा दोरा.

विक्रमने तो दोरा माझ्यासमोर धरला. मग शांतपणे म्हणाला (ओरडला असता तर बरे वाटले असते), "आप्पा, रिकामी फिरताना तिला थोडाच करंट लागतोय, तो कसाबसा फटीतनं जातोय. वजन आलं की पुराचा लोंढा पायजे. आनि तुमी मोरीत बोळा कोंबलाय. नजर न्हाय लागली, दोरा लागला." खालून गुंडू म्हणाला, "धूर हाय तवर दोन रताळी भाजून घ्या की!"

जागा घासून लख्ख केली, नट आवळला, आणि टेम्पो वर आला. मी सर्वांदेखत सांगितले की मला आता कसलीही भीती उरलेली नाही.

तुझा,
शामू

ता. क. : भीती उरलेली नाही, हे कुणी विचारले तर तूही तसेच सांग.

ता. क. : सोमवारी विक्रम चोर्ला घाटात लॉरी ओढायला जाणार आहे. खाली दरी. नट आता उघडा आहे. लख्ख आहे, पण माझ्या पोराच्या आणि दरीच्या मध्ये त्याच्यावर काही म्हणता काही नाही. मला जेवण जात नाही.

ता. क. : परवा विक्रम रागात बोलून गेला, "दोऱ्यातनं करंट जात न्हाय. बांधायचंच हाय तर तांब्याची तार बांधा!" रागात का होईना, मार्ग त्यानेच दाखवला. तेव्हा तुमच्या गुरवाला विचार, तांब्याची तार मंतरून मिळते काय. जाड असू दे. काळीच पाहिजे म्हणाला तर वर रंग लावू देऊ नकोस. रंगातूनही जात नाही, हे मी आता शिकलो आहे. मिळाली तर सोमवारच्या आत एसटीच्या कंडक्टरकडे दे, आक्का. मी एसटी स्टँडवर येऊन उभा राहीन, चपला घालून.