पाच नंबरचा घोडा

३ नोव्हेंबर

घोडा घेतला! पर्समध्ये आहे, चष्म्याच्या केसमध्ये.

दत्तात्रयकाकांनी जुना खेळ विकायचाय म्हणून जानकीपुरमच्या घरी बोलावलं होतं. डबा उघडला — घोडेशर्यतीचा खेळ, स्वातंत्र्याच्या आधीचा, पट शाबूत, शिशाचे सहाच्या सहा घोडे, रंगसुद्धा उडालेला नाही. असा पूर्ण संच पुण्याचा सुजय पन्नास हजारांना डोळे मिटून घेईल. एक नग कमी असला तर आठ हजारसुद्धा कोणी देत नाही. काका चहा टाकायला आत गेले आणि मी पाच नंबर उचलला.

जुन्या खेळण्यांच्या आमच्या धंद्यात हे चालतं. चौकातल्या माणिकजींना मी पहिला खेळ विकायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याशी हेच केलं होतं.

एक कमी आहे काका, म्हटलं. असं कसं होईल, म्हणाले — वीणाकाकू वारल्या त्या वर्षी काकांनी स्वतः मोजून ठेवले होते. मग मोजले. परत मोजले. सहा हजारांत देऊन टाकला.

४ नोव्हेंबर

सुजयला फोटो पाठवले, पाच नंबर घालून. बावन्न म्हणतोय!

९ नोव्हेंबर

काकांचा फोन. सगळी कपाटं उपसली, घोडा नाही. जाऊ द्या हो, म्हटलं. पण त्यांना घोड्याचं पडलेलंच नाही. मुलगा राजेश गुडगावला असतो. त्याने बजावून ठेवलंय, डोकं नीट चालतंय तोवरच एकटं राहायचं, नाहीतर वृद्धाश्रम. आणि काकांना काकूंचं घर सोडायचं नाही. चाळीस वर्षं औषधांच्या लॅबमध्ये मिलिग्रॅम मोजत आलेला माणूस! आपलं मोजणं चुकत नाही, एवढाच त्यांचा भरवसा.

"विभा, मग आणखी काय काय विसरलो असेन मी?"

बाजारात आहे असं खोटंच सांगून फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर

गॅस बंद केला की काका वहीत लिहितात. तरी उठून बघतात. काल बीपीची गोळी घेतल्याचं आठवत होतं, पण आठवणीवर विश्वास नाही म्हणून परत घेतली. चक्कर येऊन पडले. कपाळाला टाके. राजेश निघालाय.

हे माझ्यामुळे झालं. दुसऱ्या कोणामुळे नाही.

१९ नोव्हेंबर

सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. समोर राजेश बसलेला. जीभच उचलेना. लखनऊत आपली मराठी माणसं ती किती — गणपतीत कोणाला तोंड दाखवू? नवऱ्याच्या, प्रसादच्या बँकेत कळलं तर? मग एक शक्कल सुचली. काका बाथरूमला गेले, राजेश फोनवर बोलत बाहेर गेला, तेवढ्यात घोडा दिवाणाच्या खणात ठेवला. दोघं परत आल्यावर मी शोधल्यासारखं करून ओरडले, सापडला!

किती हुशार मी.

काका खणाकडे बघतच राहिले. "हा खण मी चारदा रिकामा केला होता," म्हणाले. "एकेक वस्तू काढून."

राजेशने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मग काकाच त्याला म्हणाले, "आश्रमाचा फॉर्म आण. सही करतो."

तेव्हाही बोलता आलं असतं. नाही बोलले. निघताना त्यांनी घोडा माझ्या हातात कोंबला. संच पूर्ण होऊ दे, म्हणाले, वरचे पैसे नकोत. आणि मी तो घेतला. लाज कशी वाटली नाही मला!

२ डिसेंबर

सुजयचे पैसे आले.

२१ डिसेंबर

सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रोडवरच्या आश्रमात गेले. सगळं सांगितलं — पर्स, चष्म्याची केस, खण. रडले. काकांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "माझं मन राखायला स्वतःला चोर म्हणवून घेतेस, पोरी?"

मी शपथ घेतली. ते हसले. मग शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना माझी ओळख करून दिली, "भाईसाहब, ये विभा है. हमारी बेटी से बढ़कर."