करमत नाही

ती. आईस, वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. विद्यापीठात पोरांची बरीच सोय आहे. डॉक्टर आहेत, अभ्यासात अडलं तर शिकवणारे आहेत, आणि मन मोकळं करायला एक बाई आहेत. त्यांच्याकडे सहज जाऊन आले. काळजी करू नकोस.

त्यांनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, करमत नाही. आता हे त्यांच्या भाषेत कसं सांगायचं? जेवण जातं, झोप लागते, कुणी रागावलेलं नाही, तरी करमत नाही. समजावता समजावता तास गेला. तेवढा वेळ मात्र करमलं. शब्द अजून नीट कळला नाही म्हणून त्यांनी पुन्हा बोलावलंय.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि तुला करमतं का? ‘इकडे सगळं ठीक’ लिहू नकोस. ते कधी लिहितात, मला ठाऊक आहे.

तुझं शेंडेफळ