कॉक लावा

रत्नागिरी,
५ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस,
नीरजाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून गाऱ्हाणी कागदावर. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी तांत्रिक संवाद शिकवते, पण मुलं त्याला ‘बडबडीचा तास’ म्हणतात आणि अर्धा वर्ग रिकामा असतो. उगाच घसा कोरडा करतेय असं वाटू लागलंय. राजीनामा लिहून ठेवला आहे; महिनाअखेरीस देईन.

त्याआधी एक काम करा. मुलांकडून बागेच्या पंपाचं माहितीपत्रक लिहून घेतलं. त्यातलं सगळ्यांत नीटनेटकं, सानवीचं, सोबत पाठवते. आईने पंपाला कधी हात लावलेला नाही, तेव्हा तिलाच ते वाचून पंप चालवायला सांगा. तुम्ही बोटीच्या इंजिनरूममधले. मध्ये अजिबात बोलायचं नाही.

तुमची,
नीरजा

आंजर्ले,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. नीरजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रक पोचलं. तुझ्या आईने ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. पहिलीच ओळ, ‘कॉक लावा व बटण दाबा.’ तिने इमानेइतबारे पाइपावरचा कॉक घट्ट बंद केला नि बटण दाबलं. मला दिसत होतं, पण तुझा हुकूम! पाइप सांध्यातून सुटला नि मी नखशिखांत भिजलो. आंब्याची कलमं कोरडी ती कोरडीच.

आईचं म्हणणं असं, की दिवा लाव म्हटलं की ती पेटवते नि दार लाव म्हटलं की बंद करते. कॉकाचं काय करायचं ते तुझ्या इंजिनिअरांनी आधी आपसांत ठरवावं.

बोटीवर असल्याच एका अर्धवट शब्दापायी माझ्या जोडीदाराचा हात भाजला होता. म्हणून सांगतो बाय, तुझा तास बडबडीचा नाही. राजीनाम्याचं तुझं तू बघ. पण हे पत्र वर्गात वाच, मी भिजलो त्यासकट.

तुझा,
आप्पा

रत्नागिरी,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस व आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वर्गात वाचलं. तुम्ही भिजलात तिथे मुलं बाकं बडवून हसली. सानवी मात्र मान खाली घालून बसली, आणि नंतर चार दिवस तासाला आलीच नाही. पोर दुखावली असं वाटून मला जेवण गोड लागेना.

आज ती नवं पत्रक घेऊन आली. ‘कॉक पूर्ण उघडा. मग बटण दाबा.’ भाट्याच्या बाजारात तिची आई मासळी विकते, चौथी शिकलेली. सानवीने तिच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं आणि ती अडखळली तिथे तिथे शब्द बदलले. आपण काय शिकतो हे तीन वर्षांत घरी कुणाला कळलं नव्हतं, असं सानवी सांगत होती. आणि काल तिची आई बाजारभर सांगत फिरली, ‘माझी लेक इंजिनिअर होतेय आणि तिच्या कागदातल्या चुका मी काढून दिल्या.’

मला वर्गातच रडू आलं, आप्पा. राजीनामा देत नाही. तुमचे, आईचे आणि त्या माउलीचे फार उपकार झाले.

लोभ आहेच, चुकाही अशाच काढत राहावं, ही विनंती.

तुमची,
नीरजा