अस्सल बरहुकूम

१२ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन केला नाही, कारण फोन दुकानात आहे आणि दुकानात बाबा असतात. निबंध स्पर्धेतलं माझं पहिलं बक्षीस शाळेने परत घेतलं. 'माझी आई' हा निबंध माझा नव्हता. शाळेच्या चौदा वर्षांपूर्वीच्या वार्षिक अंकातून मी तो उतरवला होता. एका मुलाने लिहिलेला.

समारंभात मी तो माइकवर वाचला. प्रयोगशाळेत नळ्या-बाटल्या धुणाऱ्या बाई मागे खुर्च्या मांडत होत्या. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि शेवटपर्यंत उभ्याच राहिल्या. तो मुलगा त्यांचा. शाळा संपल्यावर दोन वर्षांनी तापाने गेला. त्यांनी तक्रार केली नाही गं, नुसत्या ग्रंथालयात जाऊन तो अंक मागितला. उघडून बघतात तर दोन पानं ब्लेडने कापलेली. मग सगळं बाहेर यायला किती वेळ लागणार?

सोमवारी प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेसमोर कबुली वाचली. शिष्यवृत्तीसाठी शाळा माझं नाव पाठवणार होती, ते काढलं. म्हणजे पुढच्या वर्षी तुझ्याकडे राहून कॉलेज करायचं आपलं ठरलं होतं, ते बारगळलं. बाकावर माझ्याशेजारी कुणी बसत नाही. गणिताच्या सरांनी माझं बरोबर आलेलं उत्तर दोनदा तपासलं.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. प्रमाणपत्र त्यांनी दुकानात फ्रेम करून लावलं होतं. नवा चष्मा घातलेल्या गिऱ्हाइकाला अक्षरांच्या तक्त्याऐवजी तेच वाचायला लावायचे. आता फ्रेम उतरवली आहे, खिळा तसाच आहे.

का केलंस, असं तू विचारशीलच. स्पर्धेचा विषयच 'माझी आई' होता. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. मला तिचा एक निळा स्वेटर आठवतो, आणि तोसुद्धा खरा की मनाचा, कोण जाणे. तेवढ्यावर दोन पानं कशी भरायची?

आणखी एक, फक्त तुला. पानं जाळली असं मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. जाळलेली नाहीत, दुकानात जुन्या भिंगांच्या खोक्यात आहेत. मूळ आणि माझं शेजारी ठेवलं तर मी काय बदललं ते दिसेल, म्हणून घाबरले. बाईंच्या हातावर डाग आहे. मुलाने लिहिलंय की तो ॲसिडचा आहे. त्याची आई सांगते बाटलीला तडा होता, पण तडा नव्हता, त्याचाच धक्का लागला होता, आणि आईला ते माहीत नाही, असं तो लिहितो. मी तिथे उकळतं पाणी घातलं आणि बाकीचं उडवलं. हे त्यांना कसं दाखवू?

हे वाचूनही लोभ उरला असेल तर थोडा जपून ठेव.

तुझी,
खारूताई


१७ जानेवारी

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

पोरीने कळवलं असेलच. मला लिहायला जमत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिला तुमच्याकडे घेऊन जा. शाळा बदलू, इथे तिला मान वर करून चालता येत नाही. खरं सांगायचं तर मलाही येत नाही. पलीकडच्या शिंप्याने परवा चष्मा दुरुस्तीला टाकला आणि मुद्दाम काही विचारलं नाही. त्याचं ते न विचारणंच जिव्हारी लागलं.

आम्ही एका ताटलीतला घास उचलावा इतक्या जवळ बसून जेवतो आणि बोलत नाही. बोलायला गेलो तर हिच्या आईबद्दल मीच तिला कधी काही सांगितलं नाही, हे निघेल. त्याची मला भीती वाटते.

आपल्या मायेवर भार टाकतो आहे, राग नसावा.

आपला,
चष्मेवाला


२१ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचं पत्र आलं. बारा वर्षांत हे दुसरं, म्हणजे गोष्ट साधी नाही. तुला इथे घेऊन जा म्हणतात. मी नेणार नाही. पानं खोक्यात ठेवून माझ्या दारात येऊ नकोस.

तो निळा स्वेटर खरा होता. मी विणला होता, डावी बाही बोटभर लांब झाली होती. तुझी आई ती दुमडून घालायची आणि त्या घडीत बसची तिकिटं खोचायची. मला एक ओळ टाकली असतीस तर दोन नाही, वीस पानं पाठवली असती. विचारलं नाहीस, हे मला फार लागलं. चोरीपेक्षाही जास्त, हे कबूल करते.

आता माझ्या धंद्यातलं. कोर्टाच्या नकला विभागात माझी एकतीस वर्षं गेली, दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरवण्यात. नक्कल करणं हा गुन्हा असता तर मी जन्मठेपेत असते. पण आमच्यात एक रीत आहे. मुळात जे आहे ते सगळं उतरवायचं, चूक असली तर चुकीसकट, कुणाला झोंबणारं असलं तरी. मग एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडून बघायचं. त्याला रुजवात म्हणतात. खाली लिहायचं, 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाप्रमाणे हुबेहूब, आणि मूळ कुणाचं, नक्कल कुणाची, रुजवात कुणाची, ते नावांनिशी.

मूळ पानं शाळेला दे. बाईंना हाताने नक्कल करून दे. त्या ओळीवर दया दाखवायला जाऊ नकोस. एकदा दाखवलीस, तेवढी पुरे. ती ओळ तुझी नाही. त्या बाई अंक मागायला का गेल्या असतील, याचा तू विचार केलास का?

लोभाचं म्हणशील तर तो आटलेला नाही. तुला भेटल्यावर आधी एक धपाटा मिळेल, मग तो.

तुझी,
मावशी


३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पानं काढायला खोकं उघडलं तेव्हा बाबा समोरच होते. मी सगळं सांगितलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन मिनिटांचं काम आहे असं म्हणाले. मी तुझं पत्र पुढे केलं. मग त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि भिंगं घासायच्या टेबलावर जागा करून दिली.

मी मूळ वाचलं, ते नकलेवर बोट ठेवून बसले. एक स्वल्पविराम सुटला होता, तो पकडला. तीन आठवड्यांत आमचं तेवढंच बोलणं, पण झालं. डागाच्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. ती पुन्हा वाच म्हणाले नाहीत, पण मी वाचली. शेवटी तू सांगितलंस तशी खाली तिघांची नावं घातली.

मूळ पानं मुख्याध्यापिकांना दिली. जाळली म्हणून खोटं सांगितलं, त्यासाठी वेगळी शिक्षा, एक आठवडा वर्गाबाहेर. शिष्यवृत्तीचं दार बंद ते बंदच.

मग प्रयोगशाळेत गेले. बाईंनी हात पुसले आणि एकेक शब्द लावत वाचू लागल्या. मुलाने त्यांना निबंध घरी वाचून दाखवला होता, पण अंकाच्या प्रती संपल्या म्हणून सांगितलं होतं. मी माइकवर डागाचं वाक्य वाचलं तेव्हा त्यांना कळलं, की त्याने वाचून न दाखवलेलंही काही होतं. तेच शोधायला त्या ग्रंथालयात गेल्या होत्या.

त्या ओळीपाशी त्या बराच वेळ राहिल्या. धक्का त्याचा होता हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तड्याची गोष्ट त्याच्यासाठीच रचली होती, आणि त्याने ती खरी मानली असंच त्या इतकी वर्षं धरून होत्या. त्याला जवळ घेऊन एकदा सांगायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, कागदाशी. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मी माफी मागितली. त्यांनी बाटल्यांच्या चिठ्ठ्या कापायची कात्री घेतली. मुलाचं नाव होतं तिथपर्यंतचा कागद ठेवला, आणि खालची आमच्या नावांची पट्टी कापून माझ्या हातात दिली. तासाशिवाय इकडे येऊ नकोस, असं शांतपणे सांगितलं. मग पुन्हा नळ उघडला.

पट्टी तुला पाठवणार होते. पण बाबांनी मागून घेतली आणि दुकानात त्या खिळ्याला अडकवली. 'नक्कल करणार' म्हणून मी, 'रुजवात घेणार' म्हणून ते. गिऱ्हाइकं विचारतात, ते खरं काय ते सांगतात. मी मान खाली घालून उभी असते. ती पट्टी मला रोज दिसावी म्हणून लावली, की दोघांची नावं एका कागदावर आहेत म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही.

धपाटा राखून ठेव, आणि स्वेटरबद्दल आणखी काही आठवलं तर कळव. मी ते कुठेही उतरवणार नाही.

तुझी,
खारूताई