जुना नंबर नको

आये, सासरचा तो फोन मी काढून टाकला. तांब्याच्या तारेचा, दर पावसाळ्यात मुका होणारा. तीन आठवडे झाले. आता इंटरनेटवर चालणारा बसवलाय. तुंगार्लीत आमच्या गल्लीत सगळ्यांनीच बसवला. बंगल्यांची बुकिंगं हल्ली इंटरनेटवरच येतात, त्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही, आणि त्याच वायरीवर घरचा फोनही मिळतो. जोडायला आलेला माणूस आपल्या सुदुंबऱ्याकडचाच निघाला. खांबावरून बारीक काळी वायर आत घेतली, भिंतीवर पांढरा डबा ठोकला, त्यातले हिरवे दिवे लुकलुकायला लागले. मग फॉर्म काढून म्हणाला, "ताई, नंबर जुनाच ठिवू ना? समदी जुनाच ठिवत्यात. लोकांच्या तोंडात बसल्याला असतो." सासूबाई आत झोपलेल्या. हे एका बंगल्यावर गेलेले. मी म्हटलं, "नवा द्या." तो थांबला. "महिनाभर जुना ऱ्हातो आमच्याकडं. तवर सांगितलं तर परत मिळंल. मंग दुसऱ्याला देत्यात." मी म्हटलं, "जुना नंबर नको," आणि सही केली.

तो नंबर तुला पाठ होता. अक्षरओळख नसलेली तू, पण शिरगावच्या चहाच्या टपरीवरच्या पैसे टाकायच्या लाल फोनच्या डब्यावर बोट न अडखळता फिरवायचीस. तुला आमचा फोन कधी बघायला मिळाला नाही, म्हणून सांगते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात स्टूल, त्यावर विणलेला रुमाल, त्यावर काळा फोन आणि त्याच्या तबकडीला एवढंसं कुलूप. मामंजी मुंबईवाल्यांचे बंगले सांभाळायचे. शनिवारी येतोय, खोल्या उघडून ठेवा, असे निरोप यायचे, म्हणून अख्ख्या गल्लीत फोन पहिल्यांदा आमच्याकडं आला. किल्ली सासूबाईंच्या कनवटीला. बाहेर फोन लावायचा तर त्यांची परवानगी, आणि आलेला घ्यायचा तरी त्याच. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात रिंग वाजली म्हणून धावत जाऊन उचलला. पलीकडं बंगल्याचे शेठ होते. सासूबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, बोलणं संपवलं, पदरानं तो पुसला आणि म्हणाल्या, "हार विकणारीची लेक तू. तुला शेठशी बोलायची रीत काय म्हाईत? पुन्हा हात लावशील तर बघ." रिसीव्हर पुसला, ते मी विसरले नाही.

मग तूच ती युक्ती काढलीस. गुरुवारी देवळापुढं आपल्या वावरातल्या झेंडूचे हार विकून झाले की चारच्या सुमाराला तू डब्यावरून फोन लावायचीस, तीन रिंगा होऊ द्यायचीस आणि ठेवून द्यायचीस. तीन रिंगा म्हणजे तू बरी आहेस. मी उचलला नाही म्हणजे मी बरी आहे. काही दुखलंखुपलं असेल तरच मी उचलायचं आणि तुला बोलायचं असेल तरच तू रिंग वाजू द्यायची, असं ठरलेलं. मी ओट्याशी उभी असते. हातात पीठ. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. सासूबाई बाहेरून करवादतात, "कोन मेलं दर गुरुवारी वाजवून ठिवतंय." मी खाली मान घालून कणीक मळत राहते. चार वर्षं मी दर गुरुवारी तुला बरी आहे असं सांगत राहिले. त्यातला एकही गुरुवार खरा नव्हता.

आणि तुला ते कळलं नव्हतं असंही नाही. एका दिवाळीला मी पिशवी घेऊन सुदुंबऱ्याला आले आणि म्हटलं, आता जात नाही. तू भाकरी थापत होतीस. वरही बघितलं नाहीस. जेवू घातलंस, दुसऱ्या दिवशी तळेगावच्या स्टँडवर घेऊन आलीस आणि एसटीत बसवताना म्हणालीस, "नांदती लेक माघारी आली की मागच्या भनीचं लगीन जमत न्हाई. सोसायचं. चार दिस सासूचं असत्यात, चार दिस सुनंचं." एसटी हलेपर्यंत तू खिडकीशी उभी होतीस. मी तुझ्याकडं बघितलं नाही. गाडी सुटल्यावर हातात बघितलं तर तू कधीतरी गुळाचा खडा कोंबला होतास. तो मी वडगावच्या पुढं खिडकीतून फेकला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू गेलीस. गुरुवारी तुझा फोन आला, तीनवर थांबला नाही, वाजतच राहिला, आणि रविवारी भाऊ निरोप घेऊन आला. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. दहाव्याला सगळ्या लोकांत मी ह्यांच्या आईकडं बोट केलं. म्हटलं, "आयेचा शेवटचा फोन ह्यांनी उचलू दिला नाही." सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. कुणीतरी त्यांच्या तोंडात मारावी तसा चेहरा झाला. म्हणाल्या, "मी? आठवत न्हाई बाई. असंल. मी लय येळा उचलू दिला न्हाई." हे महिनाभर आईशी बोलले नाहीत. एका संध्याकाळी सासूबाईंनी कनवटीची किल्ली सोडून माझ्यापुढं ठेवली. तेव्हापासून हे घर माझं झालं, आये. चार दिवस सुनेचे म्हणतात ते असे आले.

आता त्या ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्यांची लेक, माझी नणंद, इंदूरला दिलेली. मामंजींच्या आजारपणात कोण किती झिजलं ह्यावरून तिचं आणि ह्यांचं वाजलं, तेव्हापासून तिनं भावाचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतलीय. माझा मोबाईल नंबर तिनं कधी मागितला नाही, मीही दिला नाही. पण दर रविवारी दुपारी जुन्या नंबरावर तिचा फोन यायचा. त्या दिवशी सासूबाई सकाळी वेणी घालून मागायच्या. फोनवर कुणाला वेणी दिसते? पण मागायच्या. आता तीन रविवार झाले, वेणी घालून त्या स्टुलाशेजारी बसतात. "फोन चालू हाय ना गं?" "चालू आहे, आई." मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावते, आवाज ऐकवते. "नंबर त्योच ना?" "तोच." तुला मी आये म्हणायचे, त्यांना आई म्हणते. तेवढाच काय तो फरक. इंदूरला नणंद काय ऐकत असेल, तेही मला ठाऊक आहे. मी माझ्या मोबाईलवरून जुना नंबर लावून बघते. एक बाई गोड आवाजात सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही. भाजी निवडताना स्पीकरवर लावून मी ते दोनदा ऐकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काल रविवार होता. पावसानं सकाळीच लाईट गेली. हा नवा फोन लाईटीवर चालतो, लाईट गेली की मरतो. ते सासूबाईंच्या ध्यानात येत नाही. जुना फोन अंधारातही वाजायचा. त्या पाचपर्यंत बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लेकीचा फोन बिघडला असंल का गं?" माझ्या हातात चहाची कपबशी होती, ती मी खाली ठेवली. कारण तू गेल्यावर तो टपरीवाला आपल्या घरी आला होता आणि त्यानं सांगितलं होतं, म्हातारी रिसीव्हर धरून लय येळ उभी होती, मग मला म्हनली, "लेकीचा फोन बिघडला असंल का वो?" हेच शब्द. सासूबाईच पुढं म्हणाल्या, "तुज्या आईचा शेवटचा फोन मी घिऊ दिला न्हाई. त्याचीच फेड ही. देवानं बरुबर केलं."

आये, त्या गुरुवारी सासूबाई घरात नव्हत्या. वलवणला कुणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या. मामंजी बंगल्यावर, हे पुण्याला. घरात मी एकटी, आणि फोन माझ्यापासून दोन हातांवर. आलेल्या फोनला कुलूप लागत नाही. रिंग तीनवर थांबली नाही तेव्हाच मला कळलं, तुला बोलायचंय. मी भिंतीला टेकून खाली बसले. म्हटलं, वाजू दे. सोस म्हणालीस ना, आता तूही सोस. बावीस रिंगा झाल्या. मी मोजल्या.

महिना संपायला अजून आठ दिवस आहेत. त्या सुदुंबऱ्याच्या माणसाचा नंबर फॉर्मच्या पाठीमागं लिहिलेला आहे. आज सकाळी तो कागद काढला, आणि त्याला फोन करायचा सोडून नंबराखालच्या कोऱ्या जागेत तुला हे लिहीत बसले. बाहेर सासूबाई विचारतायत, आज वार कोणता, रविवार कधी. मी अजून सांगितलेलं नाही.